चार नंबरचा घोडा

सोमवार, ७ नोव्हेंबर १९७७. सकाळी धुके. ह्यांना ताप, १०२. कामावर जाऊ दिले नाही. स्टुडिओसाठी सूचनांचा कागद मी लिहिला, ह्यांनी सांगितला तसा. सहा कलमे. चौथे लिहिताना हसू आले, दोन अर्थ होतात. तसेच ठेवले. कागद व किल्ल्या सुतारभाऊजींबरोबर ७.२० ला पाठवल्या. ११ वाजता नळवाला आला. नळ अजून गळतो. ३.४० ला भाऊजी धावत आले. मैदानावर अपघात. पिस्तूल क्रमांक चार.

त्या दिवसाचं पान तिथेच संपतं. एरवी वहिनींच्या रोजनिशीचं पान खालच्या रेघेपर्यंत भरलेलं असायचं. कोण आलं, किती वाजता, काय शिजलं, काय फुटलं. मनात काय आलं ते मात्र त्यात नसे. शाळेतल्या सिस्टरांनी लहानपणीच बजावलं होतं, की रोजनिशीत घडलेलं लिहायचं, वाटलेलं नाही. वाटलेलं दुसऱ्या दिवशी बदलतं आणि मग खाडाखोड होते. खाडाखोडीचा वहिनींना मनापासून तिटकारा. आता हसू येणं हे वाटलेलं की घडलेलं, हा प्रश्नच होता. पण ओठ हलले होते, म्हणून त्यांनी ते घडलेल्यात धरलं.

वहिनी हे काही त्यांचं नाव नव्हे. शेजारचे सुतारभाऊजी स्टुडिओत कामाला होते. ते वहिनी म्हणायचे, त्यांचं ऐकून सगळा स्टुडिओ म्हणू लागला, आणि वहीच्या नादामुळे पुढे 'वहीवाल्या वहिनी' असं पक्कं होऊन गेलं. त्यांच्या यजमानांना सगळे बंदूकमास्तर म्हणत. सिनेमात लागणाऱ्या बंदुका सांभाळणं हे त्यांचं काम.

मास्तर मूळचे कुलूपवाले. वडिलांचं कुलपं आणि शिवणयंत्रं दुरुस्त करायचं दुकान होतं. एकदा स्टुडिओच्या तिजोरीचं कुलूप बसलं म्हणून मास्तरांना बोलावणं आलं. कुलूप दहा मिनिटांत उघडलं, पण जाता जाता शेजारच्या खोलीत गंजलेल्या जुन्या बंदुकांची खोकी दिसली, आणि 'जरा बघतो' म्हणून मास्तर तिथे टेकले. ते टेकले ते सव्वीस वर्षं. पत्र्याचं छप्पर, एक खिडकी, एक लांब टेबल, भिंतीवर खिळ्यांच्या रांगा आणि प्रत्येक खिळ्याला एक बंदूक. खोलीत तेलाचा आणि लाकडाच्या भुशाचा वास. स्वार पडतो त्या दृश्यासाठी रबरी पिस्तुलं, गर्दीत मागे उभ्या राहणाऱ्यांसाठी नुसत्या लाकडाच्या बंदुका, आणि कॅमेऱ्यासमोर येणाऱ्या तेवढ्या खऱ्या. एका रायफलचा दस्ता वहिनींच्या माहेरून आलेल्या पलंगाच्या पायाचा होता. पलंग मोडल्याची नोंद रोजनिशीत आहे. पाय कुठे गेला त्याची नाही.

गंमत म्हणजे ह्या माणसाने जन्मात खरी गोळी झाडली नव्हती. रस्त्यात सायकलचं टायर फुटलं तरी दचकायचा. चित्रीकरणात बार उडायची वेळ आली की मास्तर कानात कापूस कोंबून सुतारभाऊजींच्या पाठीमागे उभे राहत. सिनेमाला जावं तर गोष्ट राहायची बाजूला, मास्तरांची बोटांवर मोजणी चालायची. "सहा झाल्या," ते अंधारात म्हणत. "सातवी ह्याने कुठून काढली?" पुढच्या रांगेतलं कुणीतरी वळून बघायचं आणि वहिनी त्यांच्या मनगटावर हात ठेवायच्या.

प्रत्येक बंदुकीला मास्तरांनी पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली असे. चिठ्ठीवर दोनच गोष्टी: नंबर आणि जन्मसाल. जन्मसालावर त्यांचा भारी कटाक्ष. गोष्ट ज्या सालातली, त्याच्या आधी जन्मलेली बंदूकच त्यात जाणार. ह्यापायी स्टुडिओच्या व्यवस्थापकांच्या कपाळावर मास्तरांना बघताच आठी पडायची.

त्या वर्षी घोडेस्वारांचा मोठा चित्रपट चालू होता. धुळीचं मैदान, नंबर घातलेले बारा घोडे, आणि सुतारभाऊजींनी उभारलेलं लाकडी गाव, पुढून गाव आणि मागून नुसते टेकू. गोष्ट १८६६ सालातली. दिग्दर्शकांनी नायकासाठी चकचकीत पिस्तूल निवडलं, मागून धातूची काडतुसं भरायचं.

"साहेब, हे पिस्तूल १८७३ सालचं," मास्तर म्हणाले. "तुमच्या नायकाने ते कमरेला लावलंय, पण ते अजून सात वर्षांनी जन्मायचंय."

व्यवस्थापक म्हणाले, "मास्तर, प्रेक्षक काय बंदुकीचा जन्मदाखला मागणार आहेत?"

"एखादा मागतो."

"कोण मागतो?"

"मी."

दिग्दर्शक हसले आणि त्यांनी मान्य केलं. मग मास्तरांनी खोक्यांतून त्याहून जुन्या चालीची सात पिस्तुलं जुळवली. ह्यांना काडतूस नसतं. फिरत्या चक्रीच्या प्रत्येक भोकात चिमूटभर दारू ठासायची, मागे बारीक टोपी बसवायची, टोपीवर ठोका पडला की बार. सिनेमात पुढे गोळी नसते एवढंच, आग आणि धूर खराच. चार नंबरचं पिस्तूल तीन पिस्तुलांचे अवयव एकत्र करून झालं होतं, आणि मास्तरांचा त्याच्यावर विशेष जीव होता.

आता घोड्याविषयी. पिस्तुलाचा जो भाग अंगठ्याने मागे ओढून ठेवतात आणि चाप ओढला की जो फटकन पुढे पडून ठोका देतो, त्याला घोडा म्हणतात. मास्तर म्हणत, त्यांचे वडील म्हणत, सगळेच म्हणतात. पण सगळ्यांच्या आजूबाजूला बारा खरे घोडे उभे नसतात.

सोमवारी सकाळी मास्तर दोन पांघरुणांखाली कुडकुडत होते आणि पलंगाशेजारी खुर्ची ओढून वहिनी कागद-पेन घेऊन बसल्या होत्या. मास्तरांचं अक्षर त्यांचं त्यांनाच लागत नसे, त्यामुळे स्टुडिओचे सगळे कागद वहिनीच लिहायच्या. शाळेत श्रुतलेखनात त्यांची कधी एक चूक निघाली नव्हती. सांगणारा जे म्हणाला ते, तसंच.

"लिही," मास्तर म्हणाले. "एक. धुकं हटेपर्यंत काही बाहेर काढू नये, दमट होतं. दोन. स्वार पडतो तिथे रबरीच द्यावं. तीन. कानात कापूस सगळ्यांनी घालावा, नायकानेसुद्धा."

"नायकानेसुद्धा," वहिनींनी लिहिलं.

"चार. चार नंबरचा घोडा अधूनमधून आपोआप पडतो. आज तो कोणाला देऊ नये. मी आल्यावर बघेन."

वहिनींच्या डोळ्यांपुढे एक धष्टपुष्ट घोडा आला. उभ्या उभ्या, काही कारण नसताना, अधूनमधून आडवा होणारा. ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं. मास्तरांचे डोळे मिटलेले होते. वहिनींच्या मनात आलं की 'पिस्तुलाचा' घालावं का. पण सांगितलेलं तसं नव्हतं, आणि वाक्य होतं तसंच मजेदार होतं. त्यांनी पूर्णविराम दिला.

"पाच," मास्तर म्हणाले.

दुपारी सुतारभाऊजी आले ते घामाने भिजलेले. दारातच बसले. वहिनींनी पाण्याचा तांब्या दिला, तो एका दमात रिकामा करून त्यांनी सांगायला सुरुवात केली.

"कागद मी व्यवस्थापकांच्या हातात दिला, वहिनी, किल्ल्याही दिल्या. ते मैदानात उभ्या उभ्या वाचताहेत. वाचलं, आणि तबेलेवाल्या काकांना हाक मारली. म्हणाले, तुमचा चार नंबर परत तबेल्यात न्या, तो पडतो."

मास्तर पलंगावर उठून बसले.

"काका असे भडकले, असे भडकले. म्हणे, माझा घोडा पडतो? परवा दिवसभर पळालाय, तुमच्यापेक्षा सरळ उभा राहतो. कोण म्हणतं? व्यवस्थापक म्हणाले, मास्तरांनी लेखी दिलंय. काका म्हणाले, मास्तरांना घोड्यातलं काय कळतं? आम्ही सगळे हसतोय. शेवटी त्यांनी घोडा नेला, पण जाताना म्हणाले, जनावराची अब्रू काढलीत."

"आणि पिस्तूल?" मास्तरांनी विचारलं.

भाऊजींनी तांब्या खाली ठेवला. "पिस्तुलं एक ते सात खिळ्यांवर होती, तशी सातही वाटली. चौथं डमीकडे गेलं."

डमी म्हणजे नायकाच्या जागी घोड्यावर बसणारा स्वार. त्याने भरधाव येत, घोडा ओढून ठेवलेलं पिस्तूल उंच धरायचं होतं. वळणावर लगाम सावरायला त्याने हात खाली घेतला, पिस्तुलाला हिसका बसला, आणि चापाला बोटही न लागता बार उडाला. मांडी तळहाताएवढी भाजली. जनावर बिथरलं, पण तो पडला नाही.

"शुद्धीवर आहे," भाऊजी म्हणाले. "दवाखान्यात नेताना मला म्हणाला, मास्तरांना सांगा, घोडा खरंच आपोआप पडला." मग जरा थांबून ते म्हणाले, "ह्याला म्हणतात घोडचूक."

कोणी हसलं नाही. त्यांचं त्यांनाच बोलल्याचं वाईट वाटलेलं दिसलं. उठता उठता त्यांनी उरलेला निरोप दिला: किल्ल्या व्यवस्थापकांनी स्वतःकडे ठेवल्या आहेत, आणि उद्या अकराला मालकांपुढे यायचंय.

दारामागे किल्ल्यांचा खिळा होता. सव्वीस वर्षं रोज संध्याकाळी मास्तर त्याच्यावर जुडगा अडकवत, मगच चपला काढत. त्या संध्याकाळी ते तापातून उठून दोनदा दारापर्यंत गेले आणि रिकाम्या खिळ्याकडे बघून परत आले.

"किल्ल्या गेल्या तर मी काय करू गं?" ते म्हणाले. विचारल्यासारखंही नव्हतं ते.

"कुलपं दुरुस्त करा," वहिनी म्हणाल्या. म्हणून गेल्या खऱ्या, पण मास्तरांनी नुसती मान हलवली.

हसू आल्याचं त्यांनी मास्तरांना सांगितलं नाही.

मंगळवारी ताप उतरला होता, पण पायांत जोर नव्हता. मास्तर मफलर गुंडाळून निघाले तेव्हा वहिनींनीही चपला घातल्या. पिशवीत रोजनिशी होती.

"तू कशाला?"

"कागद माझ्या अक्षरातला आहे."

"कागद माझा आहे. तू फक्त हात." मास्तर कडी लावता लावता म्हणाले. "तिथे काही बोलू नकोस. मी म्हणणार, चूक माझी, आणि संपलं. बंदुका सांभाळल्या आयुष्यभर, आता दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवू?"

मालकांची खोली लांबट होती, एका भिंतीला फाइलींची कपाटं, टेबलावर काच. काचेवर तीन गोष्टी मांडल्या होत्या: चार नंबरचं पिस्तूल, वहिनींच्या अक्षरातला कागद आणि किल्ल्यांचा जुडगा. मालक म्हातारे होते. गालावर हात टेकून ऐकायची त्यांची सवय. व्यवस्थापक उभे होते.

"ह्या अख्ख्या कलमात पिस्तूल हा शब्द कुठे आहे, दाखवा," व्यवस्थापक म्हणाले. "मैदानात बारा घोडे. कागद सांगतो घोडा पडतो. मी घोडा हलवला. माझं काय चुकलं?"

"पिस्तुलाच्या घोड्याला घोडाच म्हणतात," मास्तर म्हणाले.

"हे आज म्हणताय. माझं सरळ म्हणणं आहे, मालक, ह्यांना दोष माहीतच नव्हता. तबेल्यातल्या घोड्याबद्दल काही ऐकलं असेल ते लिहिलं, आणि आता अंगाशी आल्यावर अर्थ फिरवताहेत. मुळात जुनी मोडकी पिस्तुलं ह्यांच्याच हट्टाने आली. जन्मसाल जुळवायला गेले आणि माणूस भाजला."

त्यातलं शेवटचं वाक्य मास्तरांना लागलं होतं, हे वहिनींना त्यांच्या मानेवरून कळलं.

"मास्तर?" मालक म्हणाले.

"चूक माझी. आणखी काही नाही."

मालकांचा हात जुडग्याकडे गेला. व्यवस्थापकांच्या दिशेने तो काचेवरून जरासा सरकला, किल्ल्यांचा आवाज झाला, आणि वहिनी उभ्या राहिल्या.

"मला एक वाचून दाखवायचंय."

"अगं," मास्तर म्हणाले.

त्यांनी वही उघडली आणि सोमवारचं पान धुक्यापासून गळक्या नळापर्यंत वाचलं. शाळेत उभं राहून वाचायच्या तसं, प्रत्येक स्वल्पविरामाला थांबत. 'चौथे लिहिताना हसू आले, दोन अर्थ होतात,' हेही त्यांनी न गाळता वाचलं.

मालकांनी वही मागून घेतली. आधीची पानं चाळली, नंतरची कोरी बघितली. नळवाल्याच्या वर हसू होतं आणि हसूच्या खाली ३.४० ची अपघाताची नोंद होती, सगळं एकाच शाईत, मधे कुठे जागा सोडलेली नव्हती.

"म्हणजे हे सकाळी लिहिलंत."

"साडेसातला. किल्ल्या पाठवल्यावर. मी लगेच लिहिते, नाहीतर वेळ चुकते."

"दोन अर्थ होतात हे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं."

"हो. म्हणजे ह्यांना पिस्तुलाचाच सांगायचा होता, आणि मला तो तसाच कळला होता. दुसरा अर्थही कळला."

"मग एक शब्द घालायचात."

वहिनींनी पिशवीचे बंद बोटाला गुंडाळले. "सांगितलेलं जसंच्या तसं लिहायची सवय आहे." मग त्या म्हणाल्या, "आणि मजा वाटली. शब्द घातला असता तर मजा गेली असती."

मास्तर बायकोकडे बघत होते.

मालक व्यवस्थापकांकडे वळले. "पाच कलमं बंदुकांची आणि मधलंच एक तबेल्याचं, तुम्हाला काही खटकलं नाही? तबेलेवाला सांगत होता ना, घोडा ठणठणीत आहे म्हणून?"

"तो नेहमीच ओरडतो."

"आणि मास्तर, दोष कधी कळला?"

"शनिवारी संध्याकाळी," मास्तर म्हणाले. "तेव्हाच खिळ्यावरून काढून कपाटात टाकायचं होतं. अंग कसकसत होतं, सोमवारवर ढकललं. कागदात पिस्तूल लिहिलं असतं नसतं, तरी ते खिळ्यावर दिसायलाच नको होतं. म्हणून म्हटलं, चूक माझी."

मालकांनी गालावरचा हात काढला. मग त्यांनी जुडगा उचलून मास्तरांपुढे ठेवला.

"चुका तिघांच्या. पण दोघं आपणहून सांगायला आले," ते म्हणाले. "दवाखान्यात आज सगळे जाऊन या. आणि यापुढे ह्या आवारात घोडा म्हणजे चार पायांचा. बंदुकीच्याला दुसरा शब्द शोधा."

"दुसरा शब्द नाहीये, मालक."

"मग 'बंदुकीचा' लिहा. शाई आम्ही देऊ."

दवाखान्यातून परतताना दोघं पायी आले. मास्तर दर चौकात थांबत, श्वास घेत, पुन्हा चालत. डमीने त्यांना मांडीवरची पट्टी दाखवली होती आणि तबेलेवाल्या काकांची माफी मागून घ्या असं बजावलं होतं. घोडा तेव्हापासून रुसलाय म्हणे.

तिसऱ्या चौकात मास्तर म्हणाले, "हसलीस तू?"

"हसले."

"मला कळलंच नाही."

"तुमचे डोळे मिटलेले होते. ताप होता."

घराच्या कोपऱ्यावर आल्यावर मास्तर पुन्हा थांबले.

"सांगायचंस मला. मीही हसलो असतो," ते म्हणाले. "आणि हसून झाल्यावर म्हटलं असतं, बदल ते."

वहिनींनी ह्यावर पुढे पुष्कळ वर्षं विचार केला. त्यांचं अक्षर, त्यांचं श्रुतलेखन, खाडाखोड नसलेल्या वह्या. ह्या सगळ्याचा त्यांना अभिमान होता आणि तो रास्तच होता. पण गंमत दिसली ती त्यांनी एकटीने बघितली आणि वहीत बंद करून ठेवली. त्यानंतर मास्तर काही सांगू लागले आणि वहिनींना हसू आलं, की त्या पेन खाली ठेवून म्हणायच्या, "अहो, ऐका काय म्हणालात ते." कागद उशिरा जायचे. एकदा तर भाऊजी दारात ताटकळून कागद न घेताच निघून गेले.

मास्तरांनी चार नंबर मोडीत काढलं. त्याच्या चिठ्ठीवर जन्म १८५१ होतं, त्यापुढे त्यांनी निवृत्त १९७७ असं लिहिलं, आपल्याच अक्षरात, त्यामुळे ते वाचता येत नाही. घोडा तेवढा काढून घरी आणला. मास्तरांना जाऊन आता अकरा वर्षं झाली. लोखंडाचा तो बोटभर तुकडा खिडकीपाशी उघड्या वहीवर असतो, वाऱ्याने पानं उडू नयेत म्हणून. कधी कधी टेबलावरून आपोआप पडतो.

पण हे सगळं पुढचं. त्या मंगळवारी संध्याकाळी मास्तर आत आले, त्यांनी दारामागे जुडगा अडकवला, मग चपला काढल्या, आणि आतून चहाची विचारणा होईपर्यंत तिथेच उभे राहिले. मग हातोडी शोधू लागले. वहिनींनी टेबलाशी बसून सोमवारच्या अर्ध्या पानाखाली रेघ मारली आणि नवं पान उघडलं. अकरा वाजता काय झालं ते चार ओळींत, दवाखान्याचं दोन ओळींत. शेवटची ओळ अशी आहे:

दारामागचा किल्ल्यांचा खिळा ढिला झाला होता. ह्यांनी ६.१५ ला ठोकून बसवला.